पंचनाम्यातील रकाना

पूर ओसरून तीन-चार दिवस लोटले, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे जण कागदांची चळत काखोटीला मारून गल्लीत शिरतात. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ वाळू लागलेली असते, भिजून फुगलेल्या जोंधळ्याचा आंबूस दर्प उंबऱ्यापर्यंत येत असतो, आणि घरातली बाई घमेल्याने गाळ उपसता उपसता, पदराला हात पुसत, दाराशी येऊन उभी राहते. 'घर कुणाच्या नावावर?' हा पहिला प्रश्न. बाई जुन्या वळणाची असली तर ती नवऱ्याचे नाव घेत नाही. शेजारचा कोणी पोरगा ते सांगतो आणि 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात ते उतरते. मग घर कच्चे की पक्के, पडझड अंशतः की पूर्णतः, दुभती जनावरे किती, कपडेलत्ते नि भांडीकुंडी काय वाहून गेली, पीक किती गुंठ्यांतले बुडाले, अशी चौकशी होते, खाली पंचांच्या सह्या पडतात आणि मंडळी पुढच्या दारी जातात. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीकडे, कृष्णा-पंचगंगेच्या काठी, हा विधी हजारो उंबऱ्यांवर पार पडला, आणि तो पार पाडणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. माझी तक्रार कागदाविषयी आहे. त्या बाईने बचत गटाचे कर्ज काढून घेतलेले शिलाई मशीन गाळाखाली गेले असेल आणि हप्ता मात्र पुढच्या महिन्याला उभाच असेल. कारागिरांच्या अवजारांना मदतीच्या निकषांत जागा आहे खरी, पण पडवीत बसून शेजारणींची पोलकी शिवणारी बाई स्वतःला कारागीर म्हणवीत नाही आणि तिला तसे कोणी विचारीतही नाही. सुनेला सातवा महिना असेल. शाळेतल्या निवाऱ्यात रात्री आडोशाला जाण्याची चोरी म्हणून तिने दिवसभर पाण्याचा घोट टाळलेला असेल. यांपैकी कशालाही पंचनाम्यात रकाना नाही.

हा रकाना निर्माण करण्याचा उद्योग गेली वीसएक वर्षे जगभर चालू आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था, देणगीदार राष्ट्रे, सेवाभावी संघटना आणि काही थोडी सरकारे यांनी संकटकालीन मदतीसाठी लिंगनिहाय माहिती गोळा करण्याचे, म्हणजे बाधितांच्या नोंदी स्त्री, पुरुष, वय, अपंगत्व अशा भेदाने ठेवण्याचे आणि त्या भेदामागची कारणे उलगडण्याचे, अनेक प्रकल्प हाती घेतले. प्रकल्प आले की त्यांचे मूल्यमापन आले. या मूल्यमापनांची भाषा, त्यांच्या कसोट्या आणि त्यांच्या मर्यादा यांचा येथे आढावा घ्यावयाचा आहे. आणि तो घेताना एक गोष्ट मी सतत विचारणार आहे, की गोळा झालेला आकडा कोणत्या टेबलापर्यंत पोहोचला आणि तेथे कोणता हुकूम त्याने बदलला.

मोजणी ही काही नवी विद्या नव्हे. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळी कामांचे तक्ते पाहिले तर त्यांत पुरुष, स्त्रिया आणि मुले यांची संख्या वेगवेगळी मांडलेली आढळते, कारण मजुरीचे दर वेगवेगळे होते आणि खजिन्याला हिशेब हवा होता. मृत्यूंची नोंदही लिंगवार होत असे. त्या दप्तरांतून पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष आपल्या सहज समजुतीला धक्का देणारा आहे: १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ धरून त्या काळच्या बहुतेक मोठ्या हिंदी दुष्काळांत नोंदलेल्या मृत्यूंमध्ये पुरुषांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा अधिक होते. स्त्रीशरीराची उपासमार सोसण्याची शक्ती, कामाच्या शोधात पुरुषांनी केलेली वणवण, अशी त्याची निरनिराळी कारणे सांगितली जातात आणि त्यांवर अद्याप एकमत नाही. पण याच दप्तरांवरून १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा ताळेबंद मांडला, तर हिंदुस्थानात, मुंबई इलाख्यातही, स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक मेल्या असे दिसते. घरात आजाऱ्याच्या उशाशी कोण बसत होते, हे ठाऊक असलेल्याला त्याचे फारसे नवल वाटू नये. सारांश, दुष्काळाचा नियम साथीला लागू पडत नाही आणि साथीचा भूकंपाला. प्रत्येक संकटात मोजणी नव्याने करावी लागते. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे पुढे बराच घोटाळा झाला.

अर्वाचीन काळात हा प्रश्न ऐरणीवर आणला तो बांगलादेशाने. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली, आणि त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत २० ते ४४ या वयोगटातील मृत्यूचे प्रमाण दर हजार स्त्रियांमागे ७१, तर दर हजार पुरुषांमागे १५ असे होते. ज्या वयात माणूस सर्वांत धडधाकट असतो त्या वयातली ही तफावत आहे, त्यामुळे शरीरबळावर बोट ठेवून चालण्यासारखे नव्हते. कडेवरचे मूल, अंगाभोवती पाण्याने जड झालेली साडी, पुरुषमाणसाच्या परवानगीवाचून घर न सोडण्याची रीत, आणि निवाऱ्यात परपुरुषांच्या गर्दीत रात्र काढण्याचा संकोच, या सगळ्यांचा त्यात वाटा होता. चार वर्षांनी जपानमधील कोबे येथे भूकंप झाला, तेव्हा स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा सुमारे हजाराने अधिक भरले. तेथे साडी नव्हती की पडदा नव्हता. जुन्या लाकडी घरांतून एकट्या राहणाऱ्या गरीब वृद्धा मात्र पुष्कळ होत्या.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने तीनच महिन्यांत एक छोटे टिपण काढले. या विषयावरच्या साहित्यात इतके थोडक्यात इतके काही सांगणारे दुसरे टिपण माझ्या पाहण्यात नाही. इंडोनेशियाच्या आचे प्रांतातील चार गावांत वाचलेल्या ६७६ माणसांत स्त्रिया अवघ्या १८९ होत्या. आपल्याकडे तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ३९१ स्त्रिया आणि १४६ पुरुष मृत्युमुखी पडले. कारण प्रत्येक किनाऱ्यावर निराळे निघाले. कोठे पुरुष खोल समुद्रात होते, जेथे ती लाट होडीखालून नुसती सरकून जाते, आणि बायका मासळी उतरवून घेण्यासाठी काठावर वाट पाहत होत्या. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर ती बायकांची समुद्रस्नानाची वेळ होती. आणि पोहणे व झाडावर चढणे या दोन विद्या बहुतेक ठिकाणी मुलींना कोणी शिकविल्याच नव्हत्या. या टिपणाचा तात्कालिक उपयोगही होता. जेथे वाचलेल्यांत सुमारे अडीच पुरुषांमागे एक स्त्री उरली आहे तेथे मुलींची लग्ने किती कोवळ्या वयात उरकली जातील, विधुरांच्या घरची चूल आणि पोरे कोण सांभाळील, हे प्रश्न मदत वाटणाऱ्यांपुढे त्यामुळे वेळेवर उभे राहिले. याच आपत्तीत तमिळनाडूतील अरवाणी, म्हणजे तृतीयपंथी, बाधितांच्या याद्यांतून बहुधा गळाले, कारण कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर त्यांचे नाव नव्हते. त्यांची दखल नंतरच्या अभ्यासकांनी घेतली.

२००७ मध्ये एरिक नॉयमायर आणि थॉमस प्ल्युम्पर या दोन अभ्यासकांनी १९८१ ते २००२ या काळातील १४१ देशांची आकडेवारी एकत्र करून दाखविले, की नैसर्गिक आपत्ती सरासरीने स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक घटवितात, आणि जेथे स्त्रियांची सामाजिक व आर्थिक स्थिती बरी असते तेथे ही तफावत आटते. या निबंधाचा आधार घेतला नाही असा प्रकल्प-प्रस्ताव आज विरळा.

परंतु याच सुमारास दुसरा एक आकडाही फिरू लागला होता. 'आपत्तीत स्त्रिया व मुले मरण्याची शक्यता पुरुषांच्या चौदापट असते' हे वाक्य अहवालांतून, मंत्र्यांच्या भाषणांतून आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकांतून इतक्या वेळा छापून आले, की ते खरे की खोटे हे कोणी विचारीनासे झाले. त्याचा माग काढणाऱ्यांना वाट १९९७ मधील एका वार्तापत्रातल्या लहानशा लेखापाशी नेते आणि तेथेच ती खुंटते. त्यामागे मोजणी कोणती, कोठली, कोणत्या आपत्तीची, याचा पत्ता लागत नाही. आमच्या खेड्यात अशा वार्तेला 'बिनबापाची' म्हणतात. विशेष असे, की कार्य चांगले असल्यामुळे या आकड्याला हटकणे हे त्या कार्याशी वैर धरण्यासारखे मानले गेले, आणि ज्यांनी खऱ्या नोंदींचा आग्रह धरावयाचा त्यांनीच खोट्या नोंदीवर पोट भरले. उलट बाजूच्या नोंदी, उदाहरणार्थ १९९८ च्या 'मिच' या वादळात मध्य अमेरिकेतील निकाराग्वात पुरुषांचे मृत्यू अधिक नोंदले गेले ही हकिकत, तितक्या उत्साहाने उद्धृत झाल्या नाहीत. गावात पाणी शिरले असता दोर धरून पुढे जाणे हे पुरुषाचेच काम, या समजुतीची किंमत पुरुष मोजतात. लिंगनिहाय माहितीचा तोही भाग आहे.

छेदाची, म्हणजे ज्या एकूण संख्येने मृतांच्या आकड्याला भागावयाचे तिची, गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. २०१५ च्या एप्रिलमधील नेपाळच्या भूकंपात स्त्रियांचे मृत्यू अधिक होते, आणि घरकामामुळे त्या घरात असल्याने तसे झाले, असे म्हटले गेले. ते असेलही. परंतु डोंगरातल्या गावांतून हजारो तरुण पुरुष त्या वेळी आखातात आणि मलेशियात मजुरीला गेलेले होते. भूकंप झाला त्या शनिवारी दुपारी गावात मुळात कोण किती होते, हे कळल्याशिवाय नुसत्या मृतांच्या प्रमाणावरून काही सिद्ध होत नाही. आपल्याकडे हा छेद २०११ च्या खानेसुमारीचा आहे. २०२१ ची गणना झालीच नाही, ती आता २०२७ ची म्हणून व्हावयाची आहे. तोवर कोणत्याही जिल्ह्याच्या आपत्ती-आराखड्यातले स्त्री-पुरुषांचे आकडे हे दीड दशकापूर्वीच्या गावाचे वर्णन होय.

आता प्रकल्पांकडे वळू. २०११ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लिंग व वय यांनुसार माहिती ठेवण्याच्या प्रश्नाचा मोठा धांडोळा घेतला, आणि त्यांचा निष्कर्ष मासलेवाईक होता: माहिती नीट गोळा केली, संदर्भ ध्यानात घेऊन तिचा अर्थ लावला, त्या अर्थानुसार मदतीची दिशा बदलली आणि पुढेही लक्ष ठेवले, अशा चारही पायऱ्या चढलेली प्रकाशित उदाहरणे त्यांना जवळजवळ सापडलीच नाहीत. पहिली पायरी अनेक जण चढले होते. तिसरीवर पाऊल टाकणारे विरळा. त्यानंतर २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे राष्ट्रांनी मान्य केलेल्या आपत्ती-धोकानिवारणाच्या आराखड्यात लिंग, वय व अपंगत्व यांनुसार माहितीचा पुरस्कार झाला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिलाविषयक संस्थेने स्त्रियांच्या सांख्यिकीचा जागतिक कार्यक्रम सुरू केला. २०१८ पासून मदतसंस्थांच्या आंतरसंस्था स्थायी समितीने प्रत्येक मदत-प्रकल्पाला लिंग व वय यांच्या विचाराबद्दल शून्य ते चार असे गुण देण्याची पद्धत घातली. मात्र हे गुण प्रकल्पाने आपले आपणच लावून घ्यावयाचे असतात, आणि विद्यार्थ्याने स्वतः तपासलेल्या उत्तरपत्रिकेला जितका भाव द्यावा तितकाच त्यांना द्यावा हे बरे.

मूल्यमापनाच्या ठरीव कसोट्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या साहाय्य समितीने १९९१ मध्ये घालून दिल्या: औचित्य, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये सुसंगती ही सहावी जोडली गेली. कसोट्या शहाण्या आहेत. पण त्या ज्या रीतीने लावल्या जातात ती रीत पाहावी. माहितीच्या प्रकल्पाची परिणामकारकता म्हणून किती सर्वेक्षणे झाली, किती सांख्यिकी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले, किती अहवाल निघाले आणि संगणकाच्या पडद्यावर किती रंगीत तक्ते झळकले, हे मोजले जाते. आणि प्रभाव या सदराखाली, राष्ट्रीय धोरणाच्या अमुक दस्तऐवजात आमच्या आकड्यांचा उल्लेख झाला, असे लिहून हात झटकले जातात. विहीर खणली म्हणून किती पाट निघाले ते सांगावे, आणि शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचले की नाही याची वाच्यताही करू नये, तसा हा प्रकार होय. यात लबाडी असतेच असे नाही. देणगीदाराचा पैसा तीन वर्षांचा असतो, अहवालाची तारीख ठरलेली असते, आणि वाफा ओला झाल्याचे कळायला पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागतो.

कोविडच्या साथीत या प्रकल्पांची खरी परीक्षा झाली. टाळेबंदीत दारोदार फिरणे शक्य नव्हते, म्हणून जगभर दूरध्वनीवरून आणि लघुसंदेशांवरून झटपट सर्वेक्षणे निघाली, आणि त्यांतून घरकामाचा वाढलेला बोजा, गेलेल्या नोकऱ्या, मिळेनासे झालेले गर्भारपणातले उपचार यांची माहिती काही आठवड्यांत हाती आली. हे काम मोलाचे होते यात वाद नाही. परंतु फोन उचलला कोणी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे भारतात स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळजवळ ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. दोन खोल्यांचे घर, घरात एक फोन, तो नवऱ्याच्या खिशात किंवा पोराच्या शाळेसाठी पोराच्या हाती, आणि पलीकडून गोड आवाजात विचारणा, की टाळेबंदीत घरातला ताण वाढला आहे काय. फोन स्पीकरवर टाकलेला, सासू चुलीशी, नवरा समोर. त्या बाईने 'नाही हो, सगळं बरं आहे' असे म्हटले, की टक्केवारी तयार होते. ज्या सर्वेक्षणाने अशा मुलाखतीत बाई एकटी होती की नाही याची नोंद ठेवली नाही, त्याच्या हिंसाचारविषयक आकड्यांवर मूल्यमापनकाराने काट मारावी. या विषयात तर आणखी एक खबरदारी आहे. संकटात स्त्रियांवरील अत्याचार घडतच आहेत असे गृहीत धरून संरक्षणाची व्यवस्था करावी, आकड्यांची वाट पाहत बसू नये, असे याच स्थायी समितीचे मार्गदर्शन आहे. आणि ते अगदी रास्त आहे, कारण येथे मोजणीची घाईच बाईच्या जिवावर बेतू शकते. मदतकेंद्र सुरू झाल्यावर तक्रारी वाढल्या तर तो बहुधा त्या केंद्रावर बसलेल्या विश्वासाचा पुरावा असतो. तो प्रकल्पाच्या अपयशाच्या खात्यात टाकणारे अहवाल मी वाचले आहेत.

साथीतल्या मृतांची गणना सरकारने रोज जाहीर केली. मागे राहिलेल्यांची केली नाही. पोरक्या मुलांसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने संगणकीय नोंदवही उघडली, त्यामुळे एक पालक गमावलेल्या मुलांवरून काही तरुण विधवांचा अंदाज बांधता येत होता. पण जिला मूल नाही, किंवा जिची मुले मोठी झाली आहेत, ती त्या वहीत येण्याचा मार्ग नव्हता. वस्तुतः २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीचे किमान निकष ठरविताना विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद करावी असे स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रात कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या नावाखाली अनेक लहानमोठ्या संस्थांचे कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी गावोगाव याद्या करून सरकारपुढे ठेवल्या; २०२१ च्या ऑगस्टात शासनाने 'मिशन वात्सल्य' हा कार्यक्रम काढून तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुकानिहाय समित्या नेमल्या. माझ्या मते संकटकालीन लिंगनिहाय माहितीचे हे अलीकडचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण आहे. ते कोणा मोठ्या प्रकल्पाचे अपत्य नव्हते, त्याच्या याद्यांत सांख्यिकीच्या दृष्टीने दोष असतील. पण आकडा ज्याच्या शिक्क्याने काम होते त्या माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवला गेला, आणि अमुक गावच्या अमुक बाईचे संजय गांधी निराधार योजनेचे प्रकरण का अडले, असे त्याला विचारता येऊ लागले.

असेच एक जुने उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपली असताना, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर धरणी हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरची मातीची जड माळवदे अंगावर कोसळून सुमारे ८ हजार माणसे गेली. घराबाहेर किंवा शेतात निजलेले पुरुष त्या मानाने वाचले, स्त्रियांचे प्रमाण मृतांत अधिक होते, असे नंतरच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली, ती सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याहून किती तरी अधिक गावांत घरांची दुरुस्ती व बळकटी करावयाची होती, आणि तेथे काम रेंगाळत होते, कारण अनुदान कसे मिळते, भिंतीच्या आरपार जाणारे दगड कशासाठी बसवायचे, हे लोकांना कोणी समजावून सांगितले नव्हते. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेला लोकसहभागाची सल्लागार म्हणून नेमण्यात आले, आणि सुमारे १२०० गावांतील महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. या बायकांनी घरोघर फिरून कोणाचा हप्ता अडला, कोणाचा गवंडी सिमेंट वाचवितो, कोणत्या विधवेचे नाव यादीत नाही, हे टिपले आणि अभियंत्यासमोर मांडले. 'लिंगनिहाय माहिती' हा शब्दप्रयोग त्यांच्यापैकी एकीनेही ऐकला नसेल. माहिती देणारी, टिपणारी आणि तिचा जाब विचारणारी एकच व्यक्ती असली म्हणजे आकडा वाटेत हरवत नाही. आजच्या प्रकल्पांत ही तीन कामे तीन निरनिराळ्या शहरांत बसलेल्या माणसांकडे असतात.

सावकाश येणाऱ्या संकटांत मोजणीचे एककच बाईला गिळून टाकते. मराठवाड्यात अवर्षणाची मोजदाद आणेवारीने होत आली आहे, आणि आणेवारी पिकाची असते. टँकरपाशी रांगेत गेलेल्या तासांची नसते. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची माणसे ऊसतोडीला निघतात तेव्हा मुकादमाच्या वहीत माणसे लिहिलेली नसतात, कोयते लिहिलेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या हाती पडते. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी, पहाटे फडात जाण्याआधी पालावर भाकऱ्या थापणारी बाई ही या हिशेबात अपूर्णांक आहे, आणि स्वतंत्रपणे तर तोही नाही. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा २०१९ मध्ये झाला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट जुळत नसल्याने तुलना जपून करावी, तरी तफावत डोळ्याआड करता येण्याजोगी नाही. जोवर कोयता मोजला जात होता तोवर ती कोणालाच दिसली नाही.

शेतकरी-आत्महत्यांचीही तीच तऱ्हा. शेतकरी कोण, हे सातबारा सांगतो. सातबारावर बाईचे नाव क्वचित असते. म्हणून तिने जीव दिला तर ती बहुधा गृहिणी म्हणून नोंदली जाते, आणि नवऱ्याने दिला तर मागे उरलेली ती, जमीन कसत असूनही, शेतकरी ठरत नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर जमिनीचा हक्क चढलेला नव्हता. पाहणी लहान होती, पण ती घेऊन बायका मंत्रालयात गेल्या, आणि २०१९ मध्ये या कुटुंबांतील स्त्रियांना निरनिराळ्या खात्यांनी प्राधान्य द्यावे असा शासननिर्णय निघाला.

शासननिर्णय निघाला म्हणजे प्रभाव सिद्ध झाला, असे लिहून मूल्यमापनकार येथे थांबतो. त्याने थांबू नये. त्याने एखाद्या तालुक्याच्या गावी मुक्काम करावा आणि एका बाईच्या वारसनोंदीच्या अर्जामागून चालावे. ती तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र देते. दीर हरकत घेतो किंवा सही करायला येतच नाही. फेरफार वहीत नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. तक्रार आली की प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढे तारखांवर चालते. मधल्या काळात खरीप येते, आणि पीककर्जासाठी बँक सातबारा मागते. प्रकल्पाचा अंतिम अहवाल छापून झाला, दिल्लीत त्याचे प्रकाशन झाले, त्या दिवशी तिची नोंद 'प्रलंबित' या शेऱ्याखाली होती.